सव्वा मूठ गहू

निरभ्र आभाळाची मला भीती वाटते, असं सांगितलं की लोक हसतात. काळे ढग निदान दिसतात तरी. पण सातपुड्याच्या पायथ्याशी ज्यांनी पावसाळे काढले त्यांना ठाऊक आहे, की आपल्या डोक्यावर स्वच्छ ऊन असतं आणि पाऊस मात्र वर डोंगरात कुठेतरी कोसळून गेलेला असतो. तो कोसळला हे आपल्याला नाल्यात उतरल्यावरच कळतं.

नव्वद सालच्या आसपासची गोष्ट असेल. आमचे हे तेव्हा डोंगरातल्या एका आश्रमशाळेवर शिक्षक होते. मी आणि आमची तीन वर्षांची पिंकी चोपड्याजवळच्या गावी सासूबाईंकडे राहत होतो. माझे वडील जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी वाहायचे. पोटाला चिमटा काढून त्यांनी मला बी. ए. केलं, आमच्या घराण्यात पदवी घेतलेली मी पहिलीच. शिकले म्हणजे देवादिकांचं भय कमी होईल असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. उलट लग्नानंतरच्या पहिल्याच श्रावणात आमच्या खानदेशातल्या कानबाई देवीचं भय मनात बसलं.

नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. भाऊबंदकीतल्या एकेका पुरुषाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू मोजायचे आणि ते दळून जाड रोट करायचे. हे रोट भाऊबंदांनीच खायचे आणि पौर्णिमा उजाडायच्या आत संपवायचे. त्या वर्षी यांना सुट्टी मिळाली नाही. देवी नदीवर पोहोचवून झाली तरी यांचा पत्ता नाही, तेव्हा सासूबाईंनी यांच्या वाट्याचे रोट धुतलेल्या फडक्यात बांधले आणि माझ्या हाती दिले. म्हणाल्या, "त्याले नेई दे. पन ध्यान ठेवजो, कन बी भाऊबंदकीना भायेर जावाले नको. कानबाई कोपी."

घाटाच्या पायथ्याशी बस थांबली तेव्हा लख्ख ऊन होतं. पुढे पायवाट, आणि शाळेपर्यंत दोन नाले. पहिल्यात घोट्याएवढं पाणी होतं. पिंकीला कडेवर घेऊन मी तो सहज ओलांडला, मधलं टेकाड चढले आणि दुसऱ्या नाल्याच्या काठाशी आले, तेवढ्यात आवाज आला. मोटार येत असावी असं वाटलं. मग लक्षात आलं की तिकडे मोटारीचा रस्ताच नाही. मी जिथे पाय टाकणार होते ते दगड बघता बघता लाल पाण्याखाली गेले आणि त्यावरून एक अख्खं झाड मुळांसकट गरगरत गेलं. मी उलट पळत पहिल्या नाल्याशी आले, तर तोही भरून फुगलेला. मागे पाणी, पुढे पाणी, आणि मध्ये आम्ही दोघी.

मग ऊनही गेलं. डोंगरावरून धुकं उतरलं आणि पावसाच्या सरी अंगाला चाबकासारख्या लागू लागल्या. पिंकी आधी रडली, मग नुसती कुडकुडत राहिली. थोड्या वेळाने तिचं कुडकुडणंही थांबलं आणि मान माझ्या खांद्यावर पडली. मी तिला हलवत होते, चिमटे काढत होते, पण ती डोळे उघडेना. त्या भीतीत माझं मन एकच गोष्ट धुंडाळत होतं: माझं चुकलं कुठे? बसमध्ये एका बाईचा पाय रोटांच्या गाठोड्याला लागला होता, ते आठवलं. "आई, माझं काय व्हायचं ते होऊ दे, पोरीला सोड," असं मी मोठमोठ्याने म्हणत होते. पाण्याच्या आवाजात ते मलाही ऐकू येत नव्हतं.

डोक्यावर प्लास्टिकचा कागद घेतलेला एक माणूस धुक्यातून खाली आला. "बाई, मन्ही बकरी देखी का?" त्याने विचारलं. मी पिंकीला पुढे केलं. त्याने पिंकीकडे पाहिलं, पुढे काही न विचारता तिला ओढून घेतलं, सदऱ्याच्या आत छातीशी धरलं आणि तो चढ चढू लागला. मी मागून धावले.

टेकाडाच्या वरच्या अंगाला त्याची झोपडी होती. तो पावरा आदिवासी होता, नाव दित्या. त्याच्या बायकोने पिंकीचे कपडे काढले, चुलीशी मांडीवर घेतलं, मोहाचं तेल गरम करून तळपायाला चोळलं. कितीतरी वेळाने पिंकीने टाहो फोडला. इतका गोड आवाज मी आयुष्यात ऐकलेला नाही. मग दित्याची बायको त्याला त्यांच्या बोलीत फाडफाड बोलू लागली. मला समजलं नाही, पण तिचं बोट कोपऱ्याकडे होतं. तिथे बकरी निवांत रवंथ करत उभी होती. ती सकाळपासून घरातच होती म्हणे. दित्या डोकं खाजवत म्हणाला, "मंग मी कोनले धुंडी ऱ्हायंतू?"

दुसऱ्या दिवशीही नाले उतरले नाहीत. घरात मक्याची थोडी भरड उरली होती. तिची पेज करून पहिली वाटी त्यांनी पिंकीला दिली. त्यांची दोन पोरं खुंटीला टांगलेल्या माझ्या गाठोड्याकडे बघत होती आणि उद्या पौर्णिमा होती. रोट उरले तर दोष, बाहेरच्याला दिले तर कोप. उरलेले वाहत्या पाण्यात सोडायची रीत आहे खरी; पण यांच्या नावाचे रोट त्या पुरात सोडायला हात धजेना.

शेवटी मी हात जोडून दित्याला म्हटलं, "दादा, तुम्ही आमच्या यांचे भाऊ व्हाल का?" सगळी अडचण मी त्याला सांगितली. तो गंभीरपणे ऐकत होता. मग म्हणाला, "भाऊ व्हयनू तं वावरमा वाटा देशात का?"

"निंदाले बी जानं पडी!" त्याची बायको चुलीजवळून, हाताने तण उपटल्यासारखं करत म्हणाली. दोघं खदखदून हसली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदा मीही हसले.

मी त्याच्या कपाळाला कुंकू लावलं. "कानबाई, हा तुझ्या कुळातला. पटत नसेल तर शिक्षा मला कर," असं मनात म्हणून रोट त्याच्या हातावर ठेवला. त्याने पहिला घास तोडला तेव्हा माझे डोळे घट्ट मिटलेले होते. उघडून पाहिलं तर सगळी मुलं, त्यांत पिंकीही, बोटं चाटत होती.

सकाळी पाणी उतरलं आणि दित्यानेच आम्हाला शाळेवर पोहोचवलं. यांना आम्ही निघाल्याचीही खबर नव्हती. घरी परतल्यावर मी सासूबाईंना काही न लपवता सांगितलं. त्यांनी उठून देवापुढे दिवा लावला. त्यानंतरचं वर्ष मी धास्तीत काढलं. पिंकीला साधी कणकण आली तरी मला वाटायचं, आला कोप.

पुढच्या श्रावणात सासूबाई गहू मोजायला बसल्या. सासरे, थोरले दीर, हे, पुतणे असं एकेक नाव घेत मूठ सुपात पडत होती. नावं संपली. मी सूप उचलायला वाकले, तर त्यांचा हात पुन्हा गव्हात गेला. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "तुन्हा डोंगरमाधला देरनं नाव काय सांगेल व्हतं?"

मी तिथेच खाली बसले. म्हटलं, "दित्या."

"दित्या," त्या म्हणाल्या आणि सव्वा मूठ मोजली.

आता सासूबाई नाहीत. गहू मी मोजते. श्रावणातलं ऊन पाहिलं की अजून भीती वाटते, नाला ओलांडताना अजून मी आधी डोंगराकडे बघते. ते भय कानबाईने माझं काढून घेतलं नाही, आणि मीही आता तसं मागत नाही. सुपापुढे बसते, नावं घेते, आणि शेवटच्या मुठीला हात आपोआप गव्हात जातो. मूठ तिची आहे. कोण घरचा आणि कोण बाहेरचा, हे मोजणारी मी कोण?