ठेंगण्या दाराचा तंबू

मुलाने अट घातली ती दुकानात, सुनेच्या आणि दुकानदाराच्या देखत. "बाबा, या तंबूत जाऊन आपले आपण बाहेर या. आलात तर नेतो. नाहीतर घरी राहायचं, आणि रुसायचं नाही."

नर्मदेकाठी तंबू ठोकून दोन दिवस राहायचं ठरत होतं. गुडघे गेल्यापासून मी जमिनीवर बसत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक. मी मात्र कधी कबूल केलेलं नाही. शाळा चौथीत सुटली, पण रेल्वेच्या कारखान्यात सगळी नोकरी उभ्याने केली, कोणाच्या हाताला धरून नाही.

रावपुऱ्यातल्या त्या दुकानात तंबू फरशीवरच उभा केलेला, दार माझ्या कमरेइतकं. चपला काढल्या आणि डोकं आत घातलं. जाताना काही वाटलं नाही. आत वळायला गेलो तर गुडघ्यात अशी कळ आली की डोळ्यांपुढे अंधार. कापड तोंडाला चिकटत होतं. 

"काका, हाथ आपुं?" हात देऊ का, असं दुकानदाराने गुजरातीत विचारलं.

"नथी जोईतो!" नको म्हणून मीही आतून गुजरातीतच ओरडलो.

"झोपलात का बाबा?" मुलगा म्हणाला.

"तंबू बघतोय! घाईने घेतलेली वस्तू गळते."

ढुंगणावर सरकत, पाय पुढे करून कसाबसा दाराबाहेर आलो. राहिलं ते उठणं. तंबूच्या काठीला हात लावला तर ती वाकली. फरशी गुळगुळीत. मुलगा हाताची घडी घालून बघतोय. म्हटलं संपलं, आता घर राखा.

तेवढ्यात सून म्हणाली, "अहो, तो वरच्या फळीवरचा कंदील बघा ना जरा." मुलगा वळला, दुकानदार शिडीकडे गेला. सून माझ्याजवळ खाली बसून स्वतःच्या चपलेचा पट्टा लावू लागली. पट्टा लावलेलाच होता. आजवर मी सुनेच्या खांद्याला कधी हात लावला नव्हता. तेव्हा अंगाचा सगळा भार टाकला. ती पट्ट्याशीच चाळा करत राहिली.

मुलगा वळला तेव्हा मी उभ्याने चपला घालत होतो.

"उठलात?"

"मग! मला काय टेकू लागतो?"

त्याने बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, "उठले की. पण हा तंबू नको. इतकं वाकून माझी कंबर धरेल. उंच दाराचा घेऊ."

उंच दाराचा जड निघाला, महागही. मुलगा कुरकुरायला लागला.

"अरे, तिची कंबर धरते म्हणतेय ना?" मी आवाज चढवला. "उंचच घे."