दहा घरांचं एक मशीन

लेबलकाका एका शाळेच्या प्रयोगशाळेत एकतीस वर्षं सहायक होते. चिठ्ठी नसलेली बाटली त्यांच्या लेखी बाटलीच नव्हे. ही सवय त्यांनी घरीही आणली होती. स्वयंपाकघरात एका बरणीवर 'मीठ' आणि शेजारच्या बरणीवर 'साखर (मीठ नव्हे)' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असे.

"झोपेत माझ्या कपाळावर चिठ्ठी लावली नाहीत म्हणजे मिळवलं," काकू म्हणत.

त्यांच्या गल्लीत समोरासमोर दहा घरं होती आणि प्रत्येक घरापुढे हिरवळीचा एकेक तुकडा. दहा जणांनी मिळून गवत कापायचं एक पेट्रोलचं मशीन घ्यायचं ठरवलं, आणि ते निवडायचं काम बिनविरोध काकांच्या गळ्यात पडलं. इतरांनी सुटकेचा निःश्वास टाकला. काकांना मात्र त्या रात्री झोप आली नाही. उभ्या आयुष्यात त्यांना कुणी कशावर निवडून दिलं नव्हतं. शाळेच्या सहलीतसुद्धा त्यांच्या वाट्याला डबे मोजायचं काम यायचं.

निवड दोन महिने चालली. आधी त्यांनी दहाही घरांची फाटकं टेपने मोजली, कारण मशीन कितीही चांगलं असलं तरी ते आत शिरायला हवं. मग दुकानाच्या फेऱ्या सुरू झाल्या.

"काका, हे घ्या. स्वतः चालतं. आपण नुसतं मागून चालायचं," दुकानदार म्हणाला.

"आणि थांबवायचं असेल तर?"

"हा दांडा सोडायचा. झालं."

"म्हणजे सोडायचं लक्षात ठेवायला हवं. आमच्या गल्लीत कुणाच्या काय लक्षात राहतं! ढकलायचं दाखवा."

दुसऱ्या एका मशीनला पेट्रोलमध्येच तेल मिसळावं लागत होतं. काकांनी ते तिथल्या तिथे नाकारलं. "दहा घरं दहा प्रमाणं काढतील. तेलाचा कप्पा वेगळा हवा."

सुरू करायची दोरी गल्लीतल्या सगळ्यात अशक्त माणसाला ओढता यायला हवी, म्हणून एके दिवशी ते काकूंना दुकानात घेऊन गेले. काकूंनी नऊ मशीनच्या दोऱ्या ओढल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचा हात वेणीपर्यंत पोचेना. पण मशीन ठरलं.

ठरल्यावरही काका काही शंका घेऊन पुन्हा गेले, तेव्हा नोकराने सांगितलं, "मालक बाहेर गेलेत." खोक्यांच्या मागे मालकांचे बूट दिसत होते.

"अनवाणीच गेले वाटतं," काका म्हणाले.

मशीन आलं. गल्लीच्या टोकाला एक शेड होती, पूर्वी तिथे गाड्या धुवायचे. काकांनी ती झाडून घेतली, भिंतीशी पिवळ्या रंगाचा चौकोन आखला आणि कुलपाची किल्ली दागिन्याच्या जपणुकीने कमरेला लावली. मग चिठ्ठ्या लागल्या. 'पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढा. बोटं परत मिळत नाहीत.' 'मशीन कलतं करताना एअर फिल्टर वर ठेवा.' 'ओलं गवत खालून खरवडून काढा.' पेट्रोलच्या कॅनवर भरल्याची तारीख. महिना उलटला की त्यावर 'शिळे'. आणि चौकोनाच्या वर, सगळ्यात मोठ्या अक्षरात: 'मशीन येथेच उभे करावे. तेलाची पातळी दाखवणारी पट्टी येथेच पाहावी. कमी असल्यास टोपणभर घालावे.'

हंगामाच्या शेवटी काका पातं काढून घासत आणि मधल्या भोकातून खिळ्यावर टांगत. एक बाजू खाली गेली की जड बाजू पुन्हा थोडी घासायची. पातं आडवं स्थिर राहीपर्यंत जेवायला येत नसत.

"माझ्याकडे कधी इतकं टक लावून बघितलं नाहीत," काकू म्हणाल्या.

"तुला तोल आहे. याला आणावा लागतो."

सगळी गल्ली काकांच्या शिस्तीत आली. आलं नाही ते फक्त सात नंबरचं घर. तिथे क्लचभाऊ राहायचे. त्यांचा गाडी शिकवायचा धंदा होता, आणि दिवसभर "क्लच! अहो, क्लच दाबा!" असं ओरडून ओरडून त्यांचा आवाज साधं बोलतानाही दोन घरं पलीकडे जायचा. ते यायचे, मशीन ओढून न्यायचे, अर्ध्या तासात गवत उडवायचे आणि परत आणून चौकोनाच्या बाहेर तिरकं ठेवायचे. चिठ्ठ्यांकडे बघायचेसुद्धा नाहीत.

दुसऱ्या हंगामात मशीन धूर ओकू लागलं. आधी थोडा, मग इतका की चार नंबरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे पुन्हा धुतले. काकांनी प्लग बदलला, फिल्टर बदलला. धूर होताच. शेवटी बुधवारी भर गल्लीत त्यांनी क्लचभाऊंना गाठलं.

"तुम्ही याच्यात काय भलतंसलतं घालता ते एकदा सांगून टाका."

"मी? मी काही घालतच नाही!"

"तेच ते! देखभाल नाही, नियम नाही, नुसतं वापरायचं!"

"काका, मशीन कापायला घेतलंय की पूजेला?" क्लचभाऊ गरजले. दहाही घरांच्या खिडक्या उघडल्या. "रविवारी सगळे जमा. हे धूड विकू या आणि ठेकेदार लावू. त्याची माणसं येतात, कापतात, जातात. ना किल्ली, ना चिठ्ठी!"

आणि वाईट गोष्ट अशी की दोन-तीन खिडक्यांतून "खरंच" असं ऐकू आलं. रविवारी मशीन धुराशिवाय चाललं नाही, तर किल्ली जाणार हे काकांना कळून चुकलं.

शनिवारी सकाळीच ते शेडमध्ये जाऊन बसले. त्यांनी तेल काढून प्रयोगशाळेच्या मोजपात्रात ओतलं. पुस्तकात लिहिलं होतं सहाशे मिलिलिटर. निघालं साडेआठशे. तेल जास्त, म्हणून धूर. एवढं लगेच उलगडलं. पण इतकं घातलं कुणी? काका घरोघर निघाले.

"आम्ही नं, प्रत्येक वेळी बघतो," चार नंबरच्या बाई म्हणाल्या. "कमीच असतं हो. मग घालतो टोपणभर. तुम्ही लिहिलंय तसं."

"टोपणाला टोपण, काका. एक थेंब इकडचा तिकडे नाही," एक नंबरचे म्हातारेबुवा म्हणाले आणि शाबासकीसाठी थांबले.

आठ घरांत एकच उत्तर. कमी होतं, म्हणून घातलं. काका स्वतःही आठवड्यातून एकदा घालतच होते. क्लचभाऊंच्या दारापर्यंत ते गेले आणि न विचारताच परतले.

शेडमध्ये येऊन त्यांनी मोजून सहाशे तेल भरलं, मशीन चौकोनात उभं केलं आणि पट्टी पाहिली. पट्टी म्हणाली, कमी. पुसून पुन्हा पाहिली. कमी. काका हबकले. मोजपात्र खोटं बोलणार नाही. मग पट्टी?

तेवढ्यात काकू चहा घेऊन आल्या आणि कप त्यांच्याजवळ जमिनीवर ठेवला.

"सांभाळा. इथे कप धड उभा राहत नाही. मागच्या वेळी सगळा बशीत गेला होता."

काकांनी कपाकडे बघितलं. भिंतीकडच्या बाजूला चहा काठाला लागला होता. दाराकडच्या बाजूला बोटभर खाली होता. ते हळूच पालथे झाले, गाल फरशीला लावला आणि एक डोळा मिटून बघत राहिले.

"अहो, बरं वाटतंय ना?"

"अगं, ही जमीन उतरती आहे."

"गाड्या धुवायची जागा ती. पाणी मोरीकडे जायला नको? सगळ्यांना माहीत आहे."

काका उठून बसले. मशीन नाक खाली करून उभं राहायचं, तेल पुढे सरकायचं, आणि पट्टी होती मागे. पुरेसं तेल असलं तरी ती कमीच दाखवणार. एकतीस वर्षं त्यांनी मुलांना सांगितलं होतं, पात्र सपाट ठेवा, डोळा पातळीत आणा, मग वाचा. आणि इथे त्यांनी स्वतःच्या हाताने चौकोन आखून, स्वतःच्या घरासकट नऊ घरांना चुकीचं वाचायला लावलं होतं.

"मग आता काय?" काकूंनी विचारलं.

"तेल बरोबर आहे. उद्या चालेल."

"मग तोंड असं का?"

"बुधवारी मी क्लचभाऊंना भर गल्लीत बोललो. चूक माझी होती हे आता कुणाला कळायचंही नाही. मशीन चाललं की सगळे म्हणतील, काकांनी दुरुस्त केलं."

काकूंनी रिकामा कप उचलला. "मला कळलंय," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

रविवारी दहाही घरं जमली. क्लचभाऊ हाताची घडी घालून पुढेच उभे होते. काकांनी मशीन सपाट रस्त्यावर आणलं आणि दोरी ओढली. पहिल्याच ओढीला ते सुरू झालं आणि आतापर्यंतचा सगळ्यात मोठा ढग बाहेर पडला. आतमध्ये चिकटलेलं जुनं तेल जळत होतं. माणसं खोकत मागे सरली.

"झालं! लावा ठेकेदार!" ढगातून क्लचभाऊंचा आवाज आला.

"पाच मिनिटं!" काका ओरडले. मग कुणाचंच तोंड दिसत नाही हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांना बरं वाटलं. "तोवर ऐका. चूक माझी आहे. शेडची जमीन उतरती, पट्टी तिथे खोटी दिसते. तुम्ही सगळ्यांनी माझी चिठ्ठी वाचून तेल घातलं. मशीन त्याने बिघडलं. न वाचणारे एकटे क्लचभाऊ. त्यांनी थेंबभर घातलं नाही. बुधवारी मी बोललो ते सगळं परत घेतो."

हळूहळू धूर विरळ झाला, मग थांबला. मशीन शांतपणे फुरफुरत होतं. काकांचे डोळे लाल झाले होते, पण ते सगळ्यांचेच झाले होते.

"म्हणजे," क्लचभाऊ सावकाश म्हणाले, "या गल्लीत देखभाल नीट केली ती मी एकट्याने?"

"तसंच म्हणायला लागेल."

क्लचभाऊ इतके खूश झाले की त्यांचा आवाज खाली आला. "हे पुन्हा एकदा म्हणा. बायकोला ऐकू गेलं नाही."

काका पुन्हा म्हणाले. सात नंबरच्या खिडकीतून हसू ऐकू आलं.

"राहू दे मशीन," क्लचभाऊ म्हणाले. "किल्लीही काकांकडेच राहू दे. पण चिठ्ठ्या काढायच्या. लावलीच तर एक, आणि ती काकूंनी लिहायची."

हात वर झाले. एक नंबरच्या म्हातारेबुवांनी दोन्ही वर केले.

संध्याकाळी शेडमध्ये काकूंच्या हातची चिठ्ठी लागली: 'तेल काका बघतील, रस्त्यावर नेऊन. तुम्ही गवत कापा.' अक्षर गिचमिड होतं आणि तारीख घातलेली नव्हती. काकांनी खिशातून पेन काढलं, थोडा वेळ चिठ्ठीसमोर उभे राहिले, आणि मग पेन परत खिशात ठेवून मशीन सात नंबरकडे ढकलत नेलं. तिथलं गवत आज ते कापणार होते.