चुलीच्या दगडावर बसणारी

उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात ओसरलं की पळसदेवला आमचं जुनं गाव वर येतं. जोती, पायऱ्या, एखादं उखळ. मी त्या गावात कधी राहिले नाही. लग्न होऊन आले तेव्हा ते बुडून कैक वर्षं झाली होती. आमची मांजर तर नव्या घरामागं, कडब्याच्या गंजीत जन्मलेली. तरी पाणी उतरलं की ती गाळ तुडवत खाली जायची आणि सगळी जोती सोडून एकाच काळ्या दगडावर पाय पोटाशी घेऊन बसायची. सासूबाईंनी एकदा निरखून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"तितं आपली चूल हुती," त्या म्हणाल्या. "हिला कुणी सांगितलं गं?"

मी हसण्यावारी नेलं, पण अंगावर काटा आला तो आलाच.

तिला आम्ही नाव ठेवलं नव्हतं. "ये गं" म्हटलं की यायची. नवऱ्यापेक्षा ती माझं जास्त ऐकते, हे मी नवऱ्याला तोंडावर ऐकवत असे.

त्या वर्षी जुलैत आडसाली, दीड वर्षाच्या उसाची लागण चालली होती. उसाची कांडी लावण्याआधी टबात कीड मारायच्या औषधाच्या पाण्यात बुडवून काढतात. उरलेलं पाणी आमच्याकडं कुणी ओतत नाही, दुसऱ्या दिवशीच्या कांड्यांना ठेवतात. "टबावर पोतं टाक," सासूबाईंनी मला दोनदा बजावलं. मी दोनदा "व्हय, व्हय" म्हटलं आणि विसरले.

दुपारी मांजर ओलीचिंब होऊन ओसरीवर आली आणि अंग चाटत बसली. धरणाच्या काठाला मासळीमागं लागून ती बरेचदा अशी भिजून यायची. "गावली का एखादी?" असं विचारून मी हसलेसुद्धा. वास मला कसा आला नाही? सकाळपासून त्याच औषधात हात होते, नाक मेलं होतं माझं.

तासाभरात तिच्या तोंडातून लाळ गळायला लागली, अंग थरथरायला लागलं. तिला पाटीत घालून सासूबाई स्कूटीवर मागं बसल्या आणि मी इंदापूर गाठलं. जनावरांच्या डॉक्टरांनी तिचे डोळे पाहिले.

"काही विषारी पोटात गेलंय का? फवारणीचं वगैरे? आठवून सांगा, त्यावर इंजेक्शन वेगळं असतं."

त्या क्षणी मला टब दिसला. उघडा. सासूबाई माझ्या खांद्याला लागून उभ्या होत्या.

"न्हाय," मी म्हटलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं, कसलंसं इंजेक्शन दिलं. ती माझ्याकडं बघतच नव्हती. परतीच्या वाटेवर पाटीतली थरथर थांबली, आणि सासूबाईंनी पदर तिच्यावर टाकला.

"तिच्या जाग्यावर ठिवू," एवढंच त्या घरी आल्यावर म्हणाल्या. वाळत आलेल्या गाळात तिचीच कालची पावलं होती. त्यांवर पाय पडू न देता मी शेजारून चालत गेले आणि तिला चुलीच्या दगडापाशी पुरलं.

चार दिवसांत पाणी चढलं. आमच्याकडं पावसाचा थेंब नव्हता. वर पुण्याकडं पाऊस पडला की इथं रखरखीत उन्हात, आवाज न करता पाणी वाढत जातं. दगड बुडाला तेव्हा, खोटं कशाला बोलू, मला सुटल्यासारखं वाटलं.

पुढच्या उन्हाळ्यात दगड वर आला त्याच दिवशी मी खाली गेले. गाळ ओला होता, त्यावर माणसाचं पाऊल नव्हतं. मांजराची पावलं होती. पाण्याकडून दगडाकडं आलेली. परत गेलेलं एकही नाही.

"असंल कुणाचं तरी," मी मोठ्यानं म्हटलं. माझाच आवाज मला ओळखू आला नाही.

मग मी दगडापाशी बसले आणि डॉक्टरांना द्यायचं राहिलेलं उत्तर दिलं. "औषधाच्या टबात पडली हुती. पोतं मी टाकलं न्हवतं."

"ये गं" म्हणायचा मात्र धीर झाला नाही.