सगळ्यात लहानाने आधी बोलायचं

मी आयुष्यात फारशी दारू प्यायलो नाही. जी प्यायलो ती बहुतेक सगळी अंबरनाथला, रविवारी दुपारी, चौघांत बसून, आणि एका वेळी चार-पाच चमच्यांच्या वर नाही. हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत. बायकोला मी सांगत असे की डॉक्टरांकडे जाऊन येतो. ते खोटं नव्हतं, कारण चौघांतले एक डॉक्टर होतेच. तीही मी परत आल्यावर निमूटपणे वेलदोड्याची डबी पुढे करायची, त्यावरून तिला सगळं माहीत होतं हे उघड आहे.

अंबरनाथच्या एका कारखान्यात मी केमिस्ट होतो, वय सव्वीस. स्वातंत्र्य मिळालं आणि कारखान्याचा गोरा मॅनेजर विलायतेला परत निघाला. त्याने घरचं सामान विकायला काढलं. कुणी पंखे घेतले, कुणी कपाटं. आमच्या पारशी इंजिनिअरसाहेबांनी एक लाकडी खोका घेतला. त्यात पेंढ्यात निजवलेल्या जुन्या पोर्टच्या बाटल्या होत्या. पोर्ट म्हणजे पोर्तुगालची गोड, जड, लाल वाइन. त्यातही ही सालाची, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांची, बाटलीत भरून वीस-वीस वर्षं आडवी ठेवलेली. इंजिनिअरसाहेबांनी पहिली बाटली उत्साहाने हलवून उघडली आणि सगळ्यांच्या पेल्यांत काळा गाळ ओतला. आम्ही तो दातांनी गाळून प्यायलो आणि एकमेकांना म्हणालो, मोठी झकास चीज आहे.

या अडाणीपणातून आम्हाला बाहेर काढलं ते काकांनी. आमच्यातले डॉक्टर बदलापूरचे. आठवड्यातून दोनदा ते निर्वासितांच्या कॅम्पात रोगी बघायला जात. आज जे उल्हासनगर आहे ते तेव्हा कॅम्पच होतं, लष्कराच्या रिकाम्या बराकी आणि त्यांत सिंधमधून आलेली माणसं. तिथे तापाने फणफणलेले एक सिंधी गृहस्थ त्यांना भेटले. कराचीत बंदराजवळ त्यांचं विलायती दारूचं दुकान होतं, क्लबांना आणि बोटींना माल जायचा. ताप उतरल्यावर डॉक्टर त्यांना टांग्यात घालून आमच्याकडे घेऊन आले. दुकानातला कारकून मराठी असल्यामुळे त्यांना मोडकं मराठी येत होतं. आम्ही त्यांना काका म्हणायला लागलो. मला ते पुट म्हणत, म्हणजे मुलगा.

काकांनी आधी आमच्या पेंढ्यातल्या बाटल्या बघितल्या आणि कपाळाला हात लावला. मग शिकवलं. बाटली दोन दिवस आधी उभी करायची, म्हणजे गाळ बुडाशी बसतो. मग बाटलीमागे मेणबत्ती धरून, हात न हलवता, मलमलीतून दुसऱ्या भांड्यात ओतायची, आणि गाळाची पहिली काळी रेघ बाटलीच्या मानेत दिसली की थांबायचं. मी कारखान्यातून गाळणकागद आणला तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला. "पुट, हे औषध नाही. कागद सगळा जीव काढून घेतो." मी ओशाळलो, पण तेव्हापासून भांडं स्वच्छ धुण्याचं काम माझ्याकडे आलं.

त्यांचा एक नियम होता. वाइनचा वास घ्यायचा, घोट घ्यायचा, आणि मग जो सगळ्यात लहान त्याने आधी बोलायचं. मोठ्यांनी आधी तोंड उघडलं की लहान त्यांचीच री ओढतात, असं ते म्हणत. आणि खोटं बोलायचं नाही, पाहुणचार म्हणूनसुद्धा नाही. त्यामुळे प्रत्येक वेळी पहिला मी. मला कधी काकवी आठवायची, कधी आमसूल, कधी शाळेतलं जुनं बाक. मग डॉक्टर म्हणत, "छे! हे खोकल्याचं औषध आहे, ज्येष्ठमध घातलेलं." मग इंजिनिअरसाहेब. त्यांना बाटली कुठलीही असो, अक्रोडच आठवायचे. "साला, तुमी लोक अक्रोड खाल्ला नाय काय कदी?" यावरून तासभर जुंपायची. एका घोटावर एवढं भांडणं आम्हालाच शक्य होतं. काका ऐकत बसायचे. सर्वांत शेवटी ते बोलत, आमच्या प्रत्येकाचं थोडं थोडं घेऊन, आणि ते इतकं सुरेख जुळायचं की भांडण तिथेच मिटायचं.

दारूबंदी येणार हे तोवर नक्की झालं होतं. खोकाही संपला. शेवटची बैठक ठरली तेव्हा काका म्हणाले, "आता माझी आणतो." त्यांच्याकडे एक बाटली आहे हे आम्हाला माहीत नव्हतं. त्यांच्या लग्नाच्या सालची पोर्ट. घर सोडताना त्यांनी किल्ल्या घेतल्या, कागद घेतले, आणि त्यांच्या बायकोने ही बाटली घेतली. तिला वाइनमधलं काही कळत नव्हतं, पण नवऱ्याने ती कशी जपली ते तिने बघितलं होतं. बोटीत ती रजईत गुंडाळून मांडीवर धरून आणली.

मी ती उघडली. बूच वर आलेलं होतं आणि बाटलीची मान चिकट झाली होती, तेव्हाच मला शंका आली. बराकीच्या तापलेल्या छपराखाली तिने उन्हाळे काढले होते. ओतली तर रंग विटकरी, गढूळ. वास घेतला. घोट घेतला. गेलेली होती. शिजलेली, करपलेली, वर एक टोचणारा आंबूसपणा.

सगळे माझ्याकडे बघत होते. काका तर हात जोडल्यासारखे पुढे झुकून बसले होते. माझ्याच्याने झालं नाही. मी म्हणालो, "सुरेख."

डॉक्टरांनी घोट घेतला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "सुरेख." इंजिनिअरसाहेबांनी पेला बराच वेळ हातात फिरवला. त्यांनाही अक्रोड सापडला नाही. तेही म्हणाले, "सुरेख."

मग काका बोलले. डोळे मिटून किती वेळ बोलले! जांभळाचा रस, मनुका, चामड्याच्या जुन्या खोगिराचा वास. त्या पेल्यात यांतलं काही नव्हतं. मला वाटलं, म्हातारा आपली लाज झाकतोय, झाकू दे. उरलेल्यातली पेलाभर त्यांनी एका छोट्या बाटलीत बायकोसाठी घेतली आणि ते टांग्यात बसले. आपण फार मोठं पुण्याचं काम केलं, अशा थाटात मी घरी आलो.

त्यांची गाळायची मलमल आमच्याकडे राहिली होती. पुढच्या रविवारी ती धुऊन, घडी घालून मी कॅम्पात गेलो. बराकीत गोणपाटाच्या पडद्यामागे त्यांची जागा होती. काका पाणी आणायला नळावर गेले होते. काकी पापड वाळत घालत होत्या. मला बसायला त्यांनी खाट दिली आणि थोड्या वेळाने हळूच विचारलं, "पुट, वो दारू सच में अच्छी थी?"

मी होकारार्थी मान डोलावली.

"तो फिर मेरी ही नाक खराब है," त्या म्हणाल्या. "मुझे जली हुई लगी. खट्टी. मैंने इनको बोला नहीं. तुम तीनों ने अच्छी बोली, तो अच्छी होगी. और इनको तो बुखार के बाद कोई बास आती ही नहीं. रोटी जल जाए तो भी पता नहीं चलता. तुम लोग जो बोलते हो, वही घर आके मुझे सुनाते हैं."

मी ती मलमल हातात धरून बसलो होतो, ती कुठे ठेवावी ते मला कळेना. दीड वर्ष ते आमच्या नाकांनी वास घेत होते. डॉक्टरांनासुद्धा त्यांनी हे सांगितलं नव्हतं. सगळ्यात लहानाने आधी बोलायचं आणि खोटं बोलायचं नाही, हा नियम ते कशासाठी एवढा धरून होते ते आता कळलं. आणि जिने ती बाटली मांडीवर आणली, ती माझ्या एका शब्दापायी स्वतःच्या नाकाला दोष देत होती. मला माझी एवढी लाज आयुष्यात पुन्हा कधी वाटली नाही.

काका पाण्याची बादली घेऊन आले. मी उठून उभा राहिलो आणि त्यांना सगळं सांगून टाकलं. वाइन खराब झाली होती, मी खोटं बोललो, माझ्यामुळे बाकीचे दोघं खोटं बोलले, काकींचं बरोबर आहे.

त्यांनी बादली खाली ठेवली. रागावले नाहीत. "मला माहीत होतं," ते म्हणाले. "जिभेला आंबट लागलंच होतं. पण जीभ म्हातारी, तिचा काय भरवसा. तुमच्यामुळे कळलं. दीड वर्षात तुम्ही तिघं कधी एका मताचे झालात? त्या दिवशी तिघांचा एकच शब्द."

"मग तुम्ही एवढं वर्णन केलंत ते?"

"दोन बाटल्या होत्या. एक कराचीत उघडली होती. तिचं सांगितलं."

ते खाटेवर बसले आणि शेजारची जागा त्यांनी हाताने झटकली. "बस. आता नीट सांग. कशी होती?"

मी डोळे मिटले. म्हणालो, गूळ करपून कढईला लागतो तसा वास. त्याच्यावर आंबूस, नाकात टोचणारं. ते गेलं की क्षणभर सुकं अंजीर. अगदी क्षणभर. आणि मग ओलं लाकूड.

काका एकेक वाक्य सिंधीत करून काकींना सांगत होते. अंजीर आल्यावर काकींचा पापडांवरचा हात थांबला. "हाँ, अंजीर," त्या म्हणाल्या. "मुझे भी आया था. लकड़ी भी." मग जरा थांबून, "पर लकड़ी से पहले कुछ और था."

काका त्यांच्याकडे बघत राहिले. बावीस वर्षांचा संसार, दुकान भरून वाइन, आणि घरात असं नाक आहे हे त्यांना माहीत नव्हतं, कधी विचारावंसंच वाटलं नव्हतं. त्यांनी त्या छोट्या बाटलीत तळाशी राहिलेले चार थेंब पेल्यात ओतले, पेला काकींच्या हातात दिला, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पुट, तू थांब. आज आधी ही बोलेल."