जॉबरअण्णांचा धोटा आणि हॉटेलचं दार

समस्त सोलापूरकरांना अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, आपल्या शहरातल्या नव्या हॉटेलांच्या खोल्यांची दारं माणसांसाठी नाहीत. ती पैलवानांसाठी आहेत. उघडायला खांदा लागतो आणि सोडली की मागच्याचं नाक न बघता मिटतात. अशा दाराला एकट्यानं, तेही बसल्या जागेवरून, चीत करणारा एकच माणूस मी पाहिला. आमच्या शेजारचे जॉबरअण्णा.

जॉबर म्हणजे कारखान्यातले बिघडलेले माग दुरुस्त करणारा. माग अडला की अण्णा त्याच्यासमोर उकिडवे बसून नुसते बघत राहायचे. मालकानं घाई केली की एक हात वर करून म्हणायचे, "आगु!" म्हणजे तेलुगूत 'थांब'. "आदी बघायचं, मग हात लावायचा. तुमी लोक उलटं करता की."

पुढे त्यांच्या गुडघ्यांनी कायमचा संप पुकारला, तेव्हा त्यांनी बॅटरीवर चालणारी चारचाकी स्कूटर आणली. तिला पुढे टोपली आणि रिक्षाचा हॉर्न. भाजी, दवाखाना, दाढी, सगळीकडे स्वारी एकटी. कुणी दया येऊन मागून ढकलायला गेलं, की अण्णा समोर कुणी नसतानाही हॉर्न वाजवायचे. ढकलणारा दचकून हात काढायचा.

धाकटा भाऊ राजेशम याला मात्र हे बघवत नसे. त्याच्या मुलीचं लग्न एका मोठ्या हॉटेलात ठरलं. अंतरपाट अण्णांनी स्वतः हातमागावर विणला होता आणि मांडवात तो त्यांनीच आणायचा, हेही ठरलं होतं. आदल्या दिवशी राजेशमनं दार धरून त्यांना आणि सोबतीला आलेल्या मला खोलीत घेतलं आणि फर्मान काढलं, "अण्णा, तू हितंच बस. मुहूर्ताला चौघं येऊन उचलून नेतो."

"तागे उचलतात," अण्णा म्हणाले. "मी येतो."

"आणि दारात अडकलास तर?"

"अडकलो तर स्कूटर विकून टाक."

राजेशमनं माझ्याकडे बघून 'तू साक्षीदार' अशी मान हलवली आणि तो गेला. दार धाडकन मिटलं. अण्णा हळूच मला म्हणाले, "बाबू, ह्या दारानं हरवलं ना, तर उद्यापासून मला सगळेच उचलणार." एवढं बोलून ते दाराकडे बघत बसले. चांगला अर्धा तास.

दुसऱ्या दिवशी खाली सनई सुरू झाली. कडक धोतर, जरीची टोपी, टोपलीत अंतरपाट. अण्णांनी काठीनं दाराची मूठ खाली दाबली, चादरीच्या दशांची वळलेली दोरी तिच्यात अडकवली, दुसरं टोक स्कूटरच्या दांड्याला बांधलं आणि गाडी मागे घेतली. दार मुकाट्यानं उघडत आलं! मग खिशातून निघाला धोटा. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो, दोन्हीकडे निमुळता, लाकडी. सुतळी बांधलेला तो धोटा त्यांनी खाली टाकला आणि काठीनं दाराखाली सारला. दोरी सोडली, गाडी पुढे घेतली.

गुळगुळीत फरशीवर धोटा सर्रकन घसरला. दार येऊन पुढच्या चाकावर आदळलं. मी उठलो.

"आगु!"

मी अर्धा उठलेला, तसाच थांबलो. त्या अवस्थेत माझेही गुडघे संपाच्या विचारात होते. अण्णा दाराकडे बघत होते. खाली बँडवाल्यांनी वेग धरला होता. मग त्यांनी खिशातून सायकलच्या ट्यूबची पट्टी काढली आणि धोट्याला घट्ट गुंडाळली. "मागाचे अर्धे आजार ह्यानंच बरे होतात." पुन्हा दोरी, पुन्हा गाडी मागे, पुन्हा धोटा. या वेळी दार थरथरलं आणि गप्प उभं राहिलं. अण्णा बाहेर पडले, पाठोपाठ मी. त्यांनी सुतळी ओढली, धोटा मागोमाग आला. दार मागे आपटलं. अण्णांनी वळूनसुद्धा बघितलं नाही. फक्त हॉर्न वाजवला.

अण्णांना जाऊन आता दोन वर्षं झाली. तो धोटा माझ्याकडे आहे, ट्यूबच्या पट्टीसकट. कुणाच्या मदतीला धावण्याआधी मी खिशात हात घालून तो चाचपतो आणि क्षणभर थांबतो. बऱ्याचदा तेवढ्यात समोरच्यानं आपलं काम आपणच उरकलेलं असतं.

पण त्या दिवशीचं अजून संपलेलं नाही. लिफ्टच्या आधी आणखी एक दार होतं, पहिल्याचा थोरला भाऊ शोभेल असं. ते अण्णांनी स्कूटरच्या तोंडानंच ढकललं, खाली धोटा सारला आणि ऐटीत पार झाले. आता सुतळी ओढणार, इतक्यात मागून धावत्या चपलांचा आवाज आला. घामाघूम राजेशम. एका हातात वधूवरांच्या हारांची परडी, दुसऱ्या हातात अक्षतांचं ताट, काखेत फेट्याचा डबा. काल दार धरणारा तो भला माणूस आज जिवाच्या आकांतानं ओरडला,

"अण्णा, दार धर की!"