कादंबरीतल्या बाईचं सुतक

कादंबरीतली बाई मेली म्हणून मी अख्ख्या घराला अंघोळ घातली, एवढी मी शहाणी! लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सोलापूरचा उन्हाळा, घरात पाण्याची ओढ. नायिकेला सख्ख्या भावाने विहिरीत ढकललं आणि शेवटी तो निवांत सुपारी कातरत बसला. लेखकाने त्याला साधा तापसुद्धा आणला नाही! मी हंबरडाच फोडला.

सासूबाई धावत आल्या. "म्हायेरचं कोन गेलं का गं?"

पुस्तक हिसकावतील या भीतीने ते पदराखाली दडवून मी नुसती मान हलवली. सुतकाच्या अंघोळींत सगळे रांजण रिकामे झाले. मग सासूबाईंचं "पन गेलं कोन?" आलंच. मी पदराखालचं पुस्तक पुढे केलं, "यातली बाई."

ओले केस पिळत सासूबाई म्हणाल्या, "वाच की, बये. पन फुडच्या बुकात कोन मरतंय ते सकाळीच सांग, म्हंजे आंगुळ एकदाच करू."