देवी पाण्यात आणि लेक दिल्लीत

मला राग आला होता, हे आधीच सांगून टाकते. अनुभव लिहायला बसलं की माणसं भक्तीपासून सुरुवात करतात. माझ्याकडं तेव्हा भक्ती कुठली, नुसता संताप होता. विमान कंपनीवर, तिथल्या साहेबांवर, आणि सगळ्यात जास्त आमच्या भवानीवर.

माझी धाकटी लेक मनीषा त्या कंपनीत पुण्याच्या विमानतळावर कामाला. विमानाचं वजन किती, इंधन किती, वाटेत हवा कशी, हे सगळं तपासून वैमानिकांना सांगायचं, आणि ते उडून गेले की आपण खाली बसायचं. नोकरी करता करता, रजा काढून काढून ती विमान चालवायला शिकली, परवाना मिळवला. मग वैमानिकांच्या भरतीत कंपनीतल्या माणसांनाही बसता येईल असं निघालं. आमचे दीर इथं वेल्ह्यात सांगत सुटले, "वैनी, घरचीच पोरगी हाय. तिला काय इचारायचंय? दारातनंच आत घेतील."

दारातूनच परत पाठवली. साहेबांनी विचारलं म्हणे, तू तुझ्या कामात एवढी पक्की, तू उठलीस तर तुझ्या खुर्चीवर कोण बसेल? बाहेरून आलेली मुलं घेतली आणि ही राहिली. आता मला सांगा, काम चांगलं केलं हा तिचा गुन्हा? वाईट केलं असतं तर बरं झालं असतं का?

पुढं तिला दुसऱ्यांदा दिल्लीला बोलावलं. आता नाही झालं तर पुन्हा अर्ज करता येणार नाही, असा त्यांचा नियम. मुलाखत मंगळवारी होती. आमच्याकडं फारच अडलं की देव पाण्यात ठेवतात. पण लोक बिचारे हात जोडून, गयावया करून ठेवतात. मी तसं काही केलं नाही. त्या दिवशी सकाळी देव्हाऱ्यातला भवानीचा चांदीचा टाक उचलला, पाण्यानं भरलेल्या घंगाळात बुडवला आणि तिला म्हणाले, "एवढी वर्षं तुझं केलं. आता लेकीचं काम होईस्तवर बस इथंच."

जरा वेळानं दारात जोगवा मागणारी आली, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. पानशेतच्या बाजूची होती, माझ्या ओळखीची नव्हती. मी पीठ घेऊन आले तर ती देव्हाऱ्याला हात जोडायला वाकलेली, आणि तशीच थांबली.

"आई कुठं हाय गं तुझी?"

"पाण्यात घातलीय."

"काय गुन्हा केला तिनं?"

मी तिला सगळं सांगितलं. अनोळखी बाई, पण मला कुणाला तरी सांगायचंच होतं. तिनं ऐकून घेतलं, पीठ परडीत घेतलं.

"मंग पोरीसंगं कोन गेलंय?"

"कोन जाणार? एकटीच गेलीय."

"लेक एकटी धाडलीस आन् आईला घंगाळात कोंडून ठिवलीस. शानी हायस."

ती निघून गेली. मला तिचाही रागच आला. पण घंगाळापाशी गेले आणि हात आपोआप पाण्यात गेला. टाक पुसताना मी काही गोड बोलले नाही. म्हणाले, "जा मग. दिल्लीला जा. तुला जे दिसंल ते कर, माझं आता काही म्हणणं न्हाई." एवढं बोलले आणि रडू फुटलं. राग गेला नव्हता. फक्त मूठ सुटली होती.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. "आई, पुन्हा तोच प्रश्न विचारला गं. तुझ्या खुर्चीवर कोण बसेल म्हणून."

"अगं मग?"

"एक वयस्कर बाई होत्या तिथं, वैमानिक. मी कधी पाहिलं नव्हतं त्यांना. त्या साहेबांना म्हणाल्या, हा प्रश्न आपण बाहेरच्या कुणाला विचारला का? नाही ना, मग हिला का? आणि मला म्हणाल्या, तू विमानाबद्दल बोल. मग काय, मी बोलतच सुटले."

तिला घेतलं. आता तिचं प्रशिक्षण चालू आहे.

ती जोगवेवाली पुढं एकदा आली, तेव्हा मी पाया पडायला वाकले. तर मागं सरली. "अगं माजं काय, म्या पीठ मागाया आलते." बरोबर आहे तिचं. भवानी दिल्लीला गेली होती का, त्या बाई कुणी धाडल्या, हे मी कुणाला पटवायला जात नाही. मला पटलंय, तेवढं पुरे.

साहेबांवरचा राग अजून आहे, तो काही जायचा नाही. भवानीशीही भांडते, दर मंगळवारी, चांगली तोंड भरून. पण भांडून झालं की दिवा लावते आणि तिला तिच्या कामाला मोकळी सोडते.